झडपेचा फुगा : जनआरोग्य योजनेतून करायचा तर आधी काय लागतं

संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली हृदयाची मायट्रल झडप फुग्याने उघडण्याचा उपचार (बलून व्हॉल्व्होटॉमी, रोजच्या बोलण्यात ‘बीएमव्ही’) महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत होतो. अर्ज रुग्णालयच ऑनलाइन भरतं. आपण करायचं ते एवढंच: भरती होण्याआधी कागद घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) गाठायचं. आधी रोख भरून मग योजना मागितली तर गाडी तिथेच अडते.

१ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह राज्यातली सर्व कुटुंबं पात्र आहेत. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. रुग्णालय नुसतं योजनेत असून भागत नाही, तिथला हृदयरोग विभागही योजनेत हवा. योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर, आधी तेच विचारा.

रेशनकार्ड आणि आधार मूळ न्या. बहुतेक खोळंबा इथेच होतो: लग्नानंतर सुनेचं नाव सासरच्या कार्डावर चढवलेलंच नसतं, किंवा दोन कागदांवर नावाचं स्पेलिंग वेगळं. ते शिधावाटप कार्यालयात दुरुस्त होतं, पण वेळ खातं. म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला त्याच आठवड्यात कार्ड काढून बघा.

इकोच्या रिपोर्टमध्ये झडपेचं क्षेत्रफळ (साधारण १.५ चौ. सेंमी किंवा कमी), गळती किती आणि झडप किती कडक झाली आहे, हे हवंच, ‘सिव्हिअर एमएस’ (मायट्रल झडप फार अरुंद) एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर पूर्वमंजुरीत प्रश्न निघू शकतात. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी दिसली तर फुगा पुढे ढकलतात, कारण ती सुटून मेंदूत जाऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी काही आठवडे घेऊन पुन्हा तपासतात. गळती जास्त असेल तर फुग्याऐवजी शस्त्रक्रिया. तिची मंजुरी वेगळी.

वयस्कांच्या महाधमनीच्या झडपेचं (टावी, म्हणजे छाती न उघडता नळीतून नवी झडप बसवणं) गणित निराळं. झडपेचाच खर्च कित्येक लाखांत जातो, तेव्हा रुग्णालयाकडून लेखी एस्टिमेट घेऊन मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करावा. त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला (वार्षिक १.६० लाखांपर्यंत) लागतो आणि खासगी रुग्णालयाचं एस्टिमेट जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. वाशी-नेरूळ-ऐरोलीकरांचा दाखला ठाणे तहसीलचा, खारघर-कामोठ्याचा पनवेलचा. नवी मुंबईत राहतो म्हणून खारघरचे लोक ठाण्याला खेटे घालतात, ते फुकट जातात.