फुटला की फोडला गेला? स्वाहिलीतले ‘-वा’ आणि ‘-का’

टांझानियातल्या दार-एस-सलामच्या एखाद्या गल्लीत संध्याकाळी दिवे गेले की लोक स्वाहिलीत म्हणतात, ‘उमेमे उमेकातिका’. वीज गेली. पण गल्ली उजळलेली आहे आणि एकाच घरात अंधार आहे, तर वाक्य वेगळं असू शकतं: ‘उमेमे उमेकात्वा’. बिल थकलं म्हणून कनेक्शन कापलं. ‘उमेमे’ म्हणजे वीज आणि दोन्ही क्रियापदं ‘काता’ (कापणे) या एकाच मुळातून आलेली. फरक फक्त शेपटाचा आहे, पण पहिल्या वाक्यात कुणाचं नाव घ्यायचं कारण नाही आणि दुसऱ्यात कुणीतरी येऊन तार कापून गेलेलं आहे.

विद्यापीठात स्वाहिली शिकताना पहिलं वर्ष नामांचे वर्ग आणि काळ यांत निघून जातं. दुसऱ्या वर्षी ‘म्न्यांबुलिको’ येतो, म्हणजे क्रियापदाला प्रत्यय जोडून नवी क्रियापदं घडवणं. त्यातली सगळ्यांत जास्त गल्लत होणारी जोडी ही. व्याकरणात ‘-वा’चं नाव ‘कुतेंद्वा’ आणि ‘-का’चं ‘कुतेंदेका’ असं आहे. ‘तेंदा’ म्हणजे करणे. पहिलं ‘केलं जाणे’, दुसरं ‘होणे’ किंवा ‘होण्याजोगं असणे’.

मला ठामपणे वाटतं की मराठी माणसानं हा फरक इंग्रजीतून शिकू नये. पाठ्यपुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात आणि इंग्रजीत कप ‘ब्रोकन’ असतो, मग तो हातातून निसटून फुटलेला असो की कुणी रागानं आपटलेला. त्या एका शब्दातून दोन स्वाहिली रूपं काढायला गेलं की विद्यार्थी अडकतो. आपल्याकडे हा भेद लहानपणापासून जिभेवर आहे: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, फाटणे-फाडणे. ‘कप फुटला’ म्हणणाऱ्या पोराला ‘फुटला की फोडलास?’ असं विचारणारी आई हेच व्याकरण वापरत असते. ‘किकोंबे किमेवुन्जिका’ म्हणजे कप फुटला. ‘किकोंबे किमेवुन्ज्वा’ म्हणजे तो कुणीतरी फोडला.

रूपं करायला अवघड नाहीत. ‘-वा’साठी शेवटच्या स्वराआधी ‘व’ घालायचा: ‘वुन्जा’चं ‘वुन्ज्वा’, ‘पिका’ (स्वयंपाक करणे) याचं ‘पिक्वा’. शेवटी दोन स्वर असतील तर मध्ये ‘ल’ येतो, जसं ‘फुंगुआ’ (उघडणे) याचं ‘फुंगुलिवा’. ‘-का’ जोडताना मुळातला स्वर बघायचा. तो ए किंवा ओ असेल तर ‘-एका’, नाहीतर ‘-इका’. म्हणून ‘सोमा’ (वाचणे) याचं ‘सोमेका’, पण ‘वुन्जा’चं ‘वुन्जिका’. ‘फुंगुआ’सारख्या कितीतरी क्रियापदांत मात्र नुसतं ‘फुंगुका’ होतं. सावध राहायचं ते ‘का’नं संपणाऱ्या प्रत्येक शब्दाबद्दल. ‘आंदिका’ (लिहिणे), ‘फिका’ (पोचणे), ‘चेका’ (हसणे) यांतला ‘का’ मुळातलाच आहे, तो प्रत्यय नाही.

पारख करायला एक छोटा शब्द पुरतो: ‘ना’. कर्मणी वाक्यात कर्ता सांगायचा तर तो ‘ना’ लावून येतो. ‘किकोंबे किमेवुन्ज्वा ना म्तोतो’, कप मुलाकडून फोडला गेला. ‘किमेवुन्जिका ना म्तोतो’ असं लिहिलं की मास्तरांची लाल रेघ ठरलेली, कारण ‘-का’ कर्त्याला वाक्यात पाऊलच ठेवू देत नाही. ‘कप मुलानं फुटला’ हे आपल्या कानाला जसं खटकतं, तसंच ते तिकडे खटकतं. ‘मुद्दाम’ या अर्थाचं ‘क्वा माकुसुदी’ही याच कारणानं ‘-वा’शी जुळतं, ‘-का’शी नाही.

बातम्या वाचताना या फरकाला वजन येतं. ‘न्युंबा इमेबोमोका’: घर कोसळलं, पाऊस झाला, भिंत जुनी होती. ‘न्युंबा इमेबोमोलेवा’: घर पाडलं गेलं, म्हणजे कुणाचा तरी हुकूम आहे आणि जबाब विचारायला जागा आहे. टांझानियात 1971 साली भाड्यानं दिलेल्या अनेक मोठ्या इमारती सरकारनं ताब्यात घेतल्या. त्यांत भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या पुष्कळ होत्या. त्याबद्दल लिहिताना ‘माजुंबा यालिताइफिश्वा’ असं लिहायचं, इमारती सरकारजमा केल्या गेल्या. इथे ‘-का’ला वाव नाही, इमारत आपोआप सरकारजमा होत नसते.

इथपर्यंत मराठी सोबत करते. पुढे दोन ठिकाणी ती वाट चुकवते.

पहिलं ठिकाण कर्मणीचं. ‘फोडला गेला’, ‘सांगितलं गेलं’ ही आपली रूपं सरकारी पत्रातली. घरात आपण ‘मला सांगितलंय’ म्हणतो आणि कर्ता नुसता गाळतो. त्यामुळे मराठी विद्यार्थी स्वाहिलीतही ‘-वा’ टाळत राहतो आणि त्याचं बोलणं अवघडल्यासारखं होतं. स्वाहिलीत ‘-वा’ बाजारात आणि स्वयंपाकघरात रोज लागतो. ‘निमेआंबिवा’, मला सांगितलंय. ‘निमेपेवा किताबू’, मला पुस्तक दिलंय. ‘तुमेआलिक्वा’, आम्हाला बोलावणं आहे. चोरीचं तर बघाच: ‘सिमू इमेइब्वा’ म्हणजे फोन चोरीला गेला, पण ‘निमेइबिवा सिमू’ म्हणजे माझा फोन चोरला, आणि इथे वाक्याचा मालक फोन नसून मी आहे. जिथे मराठीत ‘मला’ येतं तिथे स्वाहिली माणसालाच कर्मणी वाक्याच्या तोंडाशी बसवते. पहिल्या दिवशी शिकलेलं ‘उनाइत्वा नानी?’ (तुझं नाव काय?) हेसुद्धा ‘इता’ म्हणजे हाक मारणे याचं कर्मणी रूपच आहे.

माणूस तोंडाशी बसण्याची सवय ‘-का’तही दिसते. पाय मोडला की ‘निमेवुन्जिका म्गू’. शब्दाला शब्द लावला तर ‘मी पाय मोडलो’ असं काहीतरी विचित्र होईल. ‘निमेवुन्ज्वा म्गू’ म्हटलंत तर मात्र ऐकणारा विचारेल, कुणी मोडला?

दुसरं ठिकाण जास्त फसवं आहे. पूर्ण काळाच्या ‘-मे-’बरोबर ‘-का’ झालेली अवस्था सांगतो, पण वर्तमानात, विशेषतः नकारात, तोच ‘-का’ शक्यता सांगायला लागतो. मार्च ते मेच्या ‘मासिका’ पावसात खेड्याकडच्या वाटांबद्दल म्हणतात, ‘बाराबारा हाइपितिकी’. रस्ता जाण्याजोगा राहिलेला नाही. ‘म्वान्दिको हाउसोमेकी’, अक्षर लागत नाही. इथे मराठीतलं ‘वाचवत नाही’ पटकन आठवतं आणि तिथेच घात होतो. ‘मला वाचवत नाही’ यात ‘मला’ आहे, माझे डोळे थकले असतील किंवा मजकूर सहन होत नसेल. ‘हाउसोमेकी’मध्ये वाचणारा कुणीच नाही, दोष अक्षराचाच. स्वतःची असमर्थता सांगायची असेल तर ‘वेझा’ (शकणे) वापरून ‘सिवेझी कुसोमा’ म्हणा. मराठीतलं जास्त जवळचं रूप ‘वाचण्याजोगं नाही’ हे आहे.

काही नेहमीच्या क्रियापदांत ‘-का’ला ‘ना’ चिकटून ‘-काना’ होतो: ‘पातिकाना’ (मिळणे), ‘ओनेकाना’ (दिसणे), ‘वेझेकाना’ (शक्य असणे). इथे परस्परतेचा ‘-आना’ आठवून घोळ घालायचा नाही. ‘तुताओनाना’ म्हणजे पुन्हा भेटू, ‘तुताओनेकाना’ म्हणजे आपण दिसू. हे ‘-काना’ नियमानं करत बसण्यापेक्षा शब्द म्हणून पाठ करणं सोपं. केनियात कुणाचा फोन लागला नाही की ध्वनिमुद्रित आवाज ‘म्तेजा हापातिकानी’ असं सांगतो, ग्राहक उपलब्ध नाही. तो कानावर पडला की रूप पक्कं बसतं.

आणि एक अपवाद, जो दुकानाच्या दारावरच लटकलेला असतो. ‘दुका लिमेफुंग्वा’, दुकान बंद आहे (‘फुंगा’ म्हणजे बंद करणे). अवस्था सांगायची आहे, मग ‘-का’ का नाही? कारण दुकान, दार, रस्ता मुद्दाम बंद करतात, आणि त्या बंद असण्याला स्वाहिलीनं ‘-वा’च ठेवला आहे. उघडण्याकडे वळलं की जोडी पुन्हा नियमानं चालते: ‘म्लांगो उमेफुंगुलिवा’ म्हणजे दार कुणीतरी उघडलं, ‘म्लांगो उमेफुंगुका’ म्हणजे वाऱ्यानं म्हणा, कडी सैल होती म्हणून म्हणा, दार उघडलं. परीक्षेत या दोन वाक्यांसाठी वेगवेगळी चित्रं देऊन वर्णन करायला सांगतात, तेव्हा आधी चित्रात हात दिसतोय का ते बघायचं.