योजनांच्या मूल्यमापनात ‘कुणाला?’ हा प्रश्न कधी आला

कोल्हापूर संस्थानच्या २६ जुलै १९०२ च्या आदेशाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या, हे इथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच आदेशातली पुढची सूचना मात्र फारशी कुणी वाचत नाही. त्यानंतर झालेल्या सगळ्या नेमणुकांचे पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करावे, असे तीत म्हटले आहे. म्हणजे शाहू महाराजांनी धोरणाबरोबरच त्याच्या तपासणीचीही सोय केली होती. जागा किती भरल्या एवढ्यावर न थांबता त्या कुणाला मिळाल्या, हे त्या पत्रकातून कळायचे होते. स्त्रियांचा उल्लेख त्या आदेशात नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या विकास योजनांनी ‘कुटुंब’ हे एकक धरले आणि घरात काय चालते ते नजरेआड गेले. १९७० मध्ये एस्टर बोसरूप या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिले की शेतीतली नवी साधने आणि प्रशिक्षण पुरुषांकडे जाते, कष्टाचे काम स्त्रियांकडे उरते. भारतात १९७१ मध्ये नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयक समितीचा अहवाल १९७४ मध्ये आला. १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ असलेल्या स्त्रिया १९७१ मध्ये ९३० वर आल्या होत्या. एवढ्या पंचवार्षिक योजना होऊनही हे कुणी विचारले नव्हते.

१९८० च्या दशकात विश्लेषणाच्या चौकटी तयार झाल्या. काम कोण करते, साधन कोण वापरते आणि त्यावर ताबा कुणाचा, हे प्रश्न वेगवेगळे विचारायचे. दुसरा भेद तात्कालिक गरज आणि सत्तेतला बदल यांतला. नळ दारात आला की बाईची खेप वाचते, पण पाणी समितीत तिचे मत मोजले जाते का, हे त्यावरून कळत नाही.

मूल्यमापनाचे आंतरराष्ट्रीय निकष मात्र मागेच राहिले. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या विकास साहाय्य समितीने १९९१ मध्ये समर्पकता (योजना गरजेला धरून आहे का), परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि शाश्वतता असे पाच निकष दिले, त्यांत ‘कुणासाठी’ हा शब्द नव्हता. वेगवेगळ्या गटांवर वेगळा परिणाम झाला का, हे परिणामकारकतेच्या व्याख्येत लिहिले गेले ते २०१९ च्या सुधारणेत.

दरम्यान महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण जाहीर केले, नवव्या योजनेत महिलांसाठी ३० टक्के निधीचा आग्रह आला आणि २००५-०६ पासून केंद्रीय अर्थसंकल्पात लिंगभाव विवरणपत्र, म्हणजे स्त्रियांसाठीच्या तरतुदी दाखवणारा तक्ता, जोडले जाऊ लागले. हेतू चांगला होता, पण आमच्या मते गाडी इथेच घसरली. ‘महिला लाभार्थी’ असा रकाना आला, तो भरला की काम संपले असे समजले जाऊ लागले.

कोल्हापूरच्या दूधधंद्यात या रकान्याची मर्यादा स्पष्ट दिसते. वैरण, शेण, धार हे बहुतेक बाईकडे, तर दूध संस्थेचे सभासदत्व आणि बिलाचे खाते अनेकदा पुरुषाच्या नावावर. महिला दूध संस्थेत सभासद बायका असतात, तरी तेवढ्यावरून ताबा सिद्ध होत नाही. सर्वेक्षणात ‘घरात निर्णय कोण घेते?’ विचारले की उत्तर ठरलेले, ‘दोघं मिळून.’ त्याऐवजी शेवटची म्हैस कधी विकली, सौदा कुणी ठरवला, पैसे कुणाच्या खात्यावर आले आणि त्यातून पहिला खर्च कशावर झाला, असे विचारले की खरे बाहेर येते. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असेल तर हेही निष्फळ. सकाळ-संध्याकाळ दूध घालायच्या वेळी मुलाखत ठेवली तर घरी जो रिकामा असतो तोच बोलतो, आणि ती बाई नसते.

सरासरीही फसवते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९५७ स्त्रिया होत्या. ० ते ६ वयोगटात मुलांमागे मुली फक्त ८६३. एकच आकडा पाहणाऱ्याला दुसरा दिसला नसता. म्हणून लिंगासोबत जात, जमीन आणि वैवाहिक स्थिती अशी फोड करावी लागते. पण फोड करायची तर नमुना आधीच तसा घ्यावा लागतो. २०० घरांचा यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखा) नमुना घेतला आणि एकल स्त्रियांची घरे शंभरात ८ असली, तर हाती येतात सुमारे १६. तेवढ्यावरून टक्केवारी काढू नये. त्या गटाची घरे मुद्दाम जास्त, निदान ३०, घ्यावीत आणि एकूण आकडा काढताना भारांक लावून, म्हणजे त्या जादा घरांचे वजन कमी धरून, प्रमाण पूर्ववत करावे. हे अहवाल लिहिताना सुचून उपयोगाचे नसते, ते कार्यकक्षेच्या, म्हणजे मूल्यमापनात काय आणि कसे तपासायचे हे ठरवणाऱ्या कागदाच्या, मसुद्यातच ठरवायला हवे, आणि सुरुवातीचे पाहणीचे आकडेही त्याच फोडीने घेतलेले हवेत.

नमुन्याची यादी कुठून घेतली, हाही प्रश्नच. ग्रामपंचायतीच्या किंवा रेशनकार्डाच्या यादीत ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळ खोपटात राहणारी कुटुंबे नसतात. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात आणि उचल (आगाऊ रक्कम) सहसा नवऱ्याच्या हाती पडते. अशा वस्त्यांची यादी साखर कारखान्याच्या तोडणी विभागाकडून किंवा मुकादमाकडून मिळवावी, आणि मुलाखत हंगाम सुरू असतानाच, तोडणीवरून परतल्यावर, बाईशी वेगळी घ्यावी.