वाक्याच्या शेवटी उरणारा ‘ऑन’

पुण्यातील मराठी माध्यमाच्या शाळांतून पुढे अभियांत्रिकी किंवा वाणिज्य महाविद्यालयांत गेलेल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात एक विशिष्ट चूक वारंवार दिसते. ‘दिस चेअर इज कंफर्टेबल टू सिट’, ‘दिस पेन इज गुड टू राइट’, ‘अवर सर इज ईझी टू टॉक’. यांत शब्द योग्य आहेत, त्यांचा क्रम योग्य आहे, क्रियापदाचे रूपही योग्य आहे. फक्त शेवटचा एक लहान शब्द नाही. पहिल्या वाक्यात ‘ऑन’, दुसऱ्यात ‘विथ’ आणि तिसऱ्यात आणखी एक ‘टू’ हवा होता. वहीत तो शब्द लाल शाईने घातला जातो आणि निष्काळजीपणाचा शेरा मिळतो. हे निदान मला मान्य नाही. विद्यार्थी येथे नियम विसरलेला नसतो. तो मराठीचा एक नियम अत्यंत काटेकोरपणे पाळत असतो.

आधी इंग्रजी रचना पाहू. ‘दिस चेअर इज कंफर्टेबल टू सिट ऑन’ या वाक्यात कर्त्याच्या जागी खुर्ची आहे, पण बसण्याची क्रिया खुर्ची करत नाही. अर्थाच्या दृष्टीने खुर्चीची खरी जागा ‘ऑन’नंतरची आहे, तेथून ती उठून वाक्याच्या आरंभी आली आहे आणि मागे एक रिकामी जागा राहिली आहे. ऐकणाऱ्याला आरंभीचे नाम मनात धरून ठेवावे लागते आणि ही रिकामी जागा आली की ते तेथे बसवून अर्थ पूर्ण करावा लागतो. नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’ ही जोडी चर्चेत आणली, ती याच कारणासाठी. दोन्ही वाक्यांचा सांगाडा सारखाच दिसतो, पण पहिल्यात जॉन दुसऱ्या कोणाला तरी खूश करू पाहतो आणि दुसऱ्यात इतरांनी जॉनला खूश करायचे असते.

हा फरक इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांनाही जन्मतः उमगत नाही. भाषाविज्ञानाच्या अभ्यासक कॅरल चॉम्स्की यांनी पाच ते दहा वर्षांच्या ४० मुलांवर केलेला अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मुलांसमोर डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक बाहुली ठेवून, ही बाहुली ‘ईझी टू सी’ आहे की ‘हार्ड टू सी’, असे विचारण्यात आले. बाहुली तर समोरच होती, तिला पाहण्यात काहीच अडचण नव्हती. तरीही लहान वयाच्या अनेक मुलांनी ‘हार्ड’ असे उत्तर दिले, कारण त्यांनी बाहुलीलाच पाहणारी मानले आणि पट्टीमुळे तिला दिसत नाही असा अर्थ लावला. मोठ्या मुलांनी बरोबर उत्तर दिले. एरवी घडाघडा बोलणाऱ्या मुलांनाही ही रचना शालेय वयात सावकाश साधते, हे आपल्या शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

आता त्या शेवटच्या शब्दाकडे वळू. इंग्रजीत ‘ऑन’, ‘विथ’, ‘टू’ यांसारखे शब्द नामाच्या आधी सुटे उभे असतात, त्यामुळे नाम निघून गेले तरी ते क्रियापदाशेजारी टिकून राहू शकतात. जगातील बहुतेक भाषांना हे चालत नाही. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन या भाषांना चालते. प्रमाण फ्रेंच आणि स्पॅनिश यांना चालत नाही. खुद्द इंग्रजीतही यावर वाद झाला. कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये बेन जॉन्सन यांच्या लेखनातील अशा शेवटांना दोष दिला, तर रॉबर्ट लोथ यांनी १७६२ मधील आपल्या व्याकरणात, बोलण्यात हा प्रकार रूढ असला तरी गंभीर लेखनात असा शब्द आधी घेणे अधिक डौलदार, असे मत दिले. मात्र तशी निवड काही रचनांतच उपलब्ध असते. ‘द मॅन टू हूम आय टॉक्ड’ आणि ‘द मॅन आय टॉक्ड टू’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत, पण ‘ही इज ईझी टू टॉक टू’ या वाक्यातील शेवटचा ‘टू’ पुढे नेण्याची सोयच नाही. विशेषणानंतरच्या या रचनेत तो शेवटीच राहतो.

मराठीत नेमके उलटे घडते. आपली शब्दयोगी अव्यये आणि विभक्तिप्रत्यय नामाच्या सामान्यरूपाला चिकटलेले असतात: खुर्चीवर, पेनाने, सरांशी. ‘या खुर्चीवर बसणे आरामाचे आहे’ हे वाक्य बदलून खुर्चीला कर्ता केले, की ती प्रथमेत येते आणि ‘वर’ला टेकायला काही उरत नाही. तो वाक्यातून नाहीसाच होतो: ‘ही खुर्ची बसायला आरामशीर आहे’. ‘हे पेन लिहायला चांगले आहे’ यातून ‘ने’ गेला, ‘हे घर राहायला चांगले आहे’ यातून ‘त’ गेला. ‘बसायची खुर्ची’, ‘कापायची सुरी’, ‘झोपायची खोली’ या नित्याच्या शब्दजोड्यांतही हेच घडले आहे. खुर्चीवर बसतात आणि सुरीने कापतात हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असते, म्हणून मराठी ते वेगळे सांगत नाही. ‘टू सिट’वर थांबणारा विद्यार्थी ‘बसायला’वर थांबलेला असतो.

ठाऊक असलेल्या गोष्टीवर भिस्त ठेवण्याची ही पद्धत कोठे अपुरी पडते, हे माणसांविषयी बोलताना कळते. ‘सर बोलायला चांगले आहेत’ असे म्हटले तर बोलणारे सरच ठरतात. सरांशी बोलणारे आपण, असे सांगायचे असेल तर मराठी माणूस ही रचना सोडून ‘सरांशी मोकळेपणाने बोलता येते’ असे म्हणतो. इंग्रजी मात्र तीच रचना ठेवते आणि अर्थाचा सारा भार शेवटच्या शब्दावर टाकते. ‘ईझी टू टॉक टू’ म्हणजे ज्याच्याशी बोलणे सोपे; ‘ईझी टू टॉक अबाउट’ म्हणजे ज्याच्याविषयी बोलणे सोपे. कर्वेनगरमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला खोलीसाठी ‘हार्ड टू लिव्ह इन’, सोबत राहणाऱ्यासाठी ‘हार्ड टू लिव्ह विथ’ आणि घरून येणाऱ्या तुटपुंज्या पैशांसाठी ‘हार्ड टू लिव्ह ऑन’ म्हणावे लागेल.

क्रियापदच दोन-तीन शब्दांचे असले की गुंता वाढतो. ‘लुक अप’मधील ‘अप’ हलू शकतो, ‘लुक इट अप’ असे म्हणता येते. ‘लुक आफ्टर’मधील ‘आफ्टर’ जागचा हलत नाही. परंतु ‘ईझी टू लुक अप’ आणि ‘ईझी टू लुक आफ्टर’ असे म्हटले की नाम आधीच पुढे गेलेले असल्यामुळे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. ‘पुट अप विथ’सारख्या तीन शब्दांच्या क्रियापदात शेवटचा शब्द गळला तर वाक्य अशुद्ध होईलच असे नाही, त्याचा अर्थच बदलू शकतो. ‘हार्ड टू पुट अप’ हे उभारायला अवघड अशा तंबूविषयी असते, तर ‘हार्ड टू पुट अप विथ’ हे सहन करायला अवघड अशा गोंगाटाविषयी.

ज्या शहरात डेक्कन कॉलेजच्या संशोधन संस्थेत १९३९ पासून भाषाविज्ञानाचे काम चालू आहे, त्या शहरातील वर्गांत तरी दोन्ही भाषा शेजारी ठेवून हे शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी पडताळ्याची एक साधी रीत आहे. नाम परत त्याच्या जागी ठेवून ‘इट इज कंफर्टेबल टू सिट ऑन दिस चेअर’ असे पूर्ण वाक्य मनात करावे. त्यात नामाच्या आधी जो शब्द लागेल तोच शेवटी ठेवावा आणि नामाची जागा रिकामीच सोडावी. ती ‘इट’ किंवा ‘हिम’ने भरून ‘ईझी टू टॉक टू हिम’ असे लिहिले, तर तो उलट दिशेचा दोष होतो. या रीतीला अपवाद आहेत. ‘अ नाइस प्लेस टू लिव्ह’ येथे ‘इन’ नसला तरी चालतो. ‘इम्पॉसिबल टू टॉक टू’ असा माणूस असू शकतो, पण इंग्रजीत सहसा कोणी ‘पॉसिबल टू टॉक टू’ असा नसतो. आणि फूल ‘प्रिटी टू लुक अ‍ॅट’ असते, तरी ‘इट इज प्रिटी टू लुक अ‍ॅट द फ्लॉवर’ असे कोणी म्हणत नाही, कारण तेथे सुंदर फूल असते, पाहण्याची क्रिया नव्हे.