इंटरप्रिटरची आवृत्ती-माहिती

प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे तिचा इंटरप्रिटर, स्वतःचा आवृत्ती-क्रमांक चालत्या कोडला ज्या चलांतून, स्थिरांकांतून किंवा फंक्शनांतून कळवतो, ती म्हणजे त्याची आवृत्ती-माहिती. एकच प्रोग्रॅम जुन्या आणि नव्या अशा दोन्ही इंटरप्रिटरांवर चालवायचा असला की तिची गरज पडते. एखादे मॉड्यूल (तयार कोडचा संच) नव्यात असते, जुन्यात नसते, आणि कोडला त्याप्रमाणे वाट बदलावी लागते.

ही माहिती साधारणपणे दोन रूपांत मिळते: माणसाने वाचायचा मजकूर आणि तुलनेसाठी संख्या. पहिल्यावर दुसऱ्याचे काम लादले की घोटाळा होतो. पायथॉनमध्ये ‘सिस.व्हर्जन’ ही स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, आहे; तीत क्रमांकाबरोबर तो इंटरप्रिटर बांधल्याची (बिल्डची) तारीख आणि त्यासाठी वापरलेल्या कंपायलरचे नावही असते. तिची पहिली तीन अक्षरे कापून आवृत्ती ओळखण्याची सवय बऱ्याच जणांना होती आणि ३.९ पर्यंत ती खपूनही गेली. २०२१ मध्ये ३.१० आली आणि त्या तीन अक्षरांत ‘३.१’ एवढेच उरले. ३.६ च्या पुढचा इंटरप्रिटर मागणारा कोड त्यामुळे नव्या इंटरप्रिटरलाच जुना समजून नाकारू लागला. पूर्ण स्ट्रिंगची तुलना केली तरी सुटका नाही, कारण अक्षरक्रमाने ‘३.१०’ हे ‘३.९’ च्या आधी येते.

म्हणून तुलनेसाठी ‘सिस.व्हर्जन_इन्फो’ वापरावे. हा पाच घटकांचा टपल (ठरावीक क्रमाची यादी) आहे: मुख्य, दुय्यम आणि सूक्ष्म क्रमांक, मग प्रकाशनाची पातळी (अल्फा, बीटा, कँडिडेट की अंतिम) आणि त्या पातळीतला अनुक्रमांक. त्याची (३, ८) शी थेट तुलना करता येते. हेच सगळे ‘सिस.हेक्सव्हर्जन’ एका संख्येत ठासून भरते. ३.९.१ ची अंतिम आवृत्ती हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायाच्या अंकलेखनात) ०३०९०१एफ० अशी दिसते. त्यातला ‘एफ’ अंतिम प्रकाशनाचा.

पर्लचे ‘$]’ हे चल दशांश संख्या देते: ५.८.१ साठी ५.००८००१. प्रत्येक भागाला तीन अंक राखून ठेवल्याने साधी संख्या-तुलना पुरते, पण वाचताना डोळे ताणावे लागतात. ५.६ पासून सोबतीला हाच क्रमांक ठिपक्यांनी तोडून देणारे ‘$^व्ही’ आले. पीएचपीत ‘पीएचपी_व्हर्जन’ ही स्ट्रिंग आणि ‘व्हर्जन_कंपेअर’ हे फंक्शन होतेच, ५.२.७ पासून ‘पीएचपी_व्हर्जन_आयडी’ हा पूर्णांक मिळाला, ८.१.० साठी ८०१००. रूबीचा ‘रूबी_व्हर्जन’ मात्र स्ट्रिंगच आहे, त्यामुळे तुलनेला ‘जेम::व्हर्जन’ या आवृत्त्यांसाठीच्या क्लासची मदत घ्यावी लागते.

तपासणी बरोबर लिहिली तरी एक अडचण उरते. पायथॉन आधी संपूर्ण फाइल पार्स करतो, म्हणजे तिची वाक्यरचना तपासतो, मग पहिली ओळ चालवतो. फाइलच्या माथ्यावर आवृत्ती तपासली आणि खाली ३.१० मधले ‘मॅच’ विधान वापरले, तर ३.९ वर ती तपासणी चालण्याची पाळीच येत नाही. वाक्यरचनेची त्रुटी आधी येते. नवी वाक्यरचना वेगळ्या फाइलीत ठेवून तपासणीनंतर इम्पोर्ट करणे हाच उपाय. पर्लमध्ये ‘यूज ५.०१०’ हे विधान कंपाइल होतानाच अमलात येते, त्यामुळे जुना इंटरप्रिटर पुढचे न वाचता कारण सांगून थांबतो. ही सोय इतरांनी उचलायला हरकत नव्हती.

जावास्क्रिप्टमध्ये भाषेची आवृत्ती सांगणारे चलच नाही. तिथे हवे ते फंक्शन आहे का, हेच तपासतात, आणि पुष्कळदा तेच अधिक भरवशाचे ठरते. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये ‘प्रोसेस.व्हर्जन’ असते, पण तो क्रमांक नोडचा; भाषेचा नव्हे.

भाषा आणि तिचा इंटरप्रिटर यांतला हा फरक इतरत्रही आड येतो. पायपाय हा पायथॉनचा पर्यायी इंटरप्रिटर वापरताना ‘सिस.व्हर्जन_इन्फो’ तो पायथॉनच्या कोणत्या आवृत्तीशी सुसंगत आहे हे सांगते. त्याचा स्वतःचा क्रमांक ‘सिस.पायपाय_व्हर्जन_इन्फो’मध्ये असतो. लुआ भाषा चालवणारे लुआजिटही ‘_व्हर्जन’ विचारल्यावर ‘लुआ ५.१’ असेच उत्तर देते. त्याचा स्वतःचा क्रमांक हवा असेल तर ‘जिट.व्हर्जन’ पाहावे लागते.