रस्त्यावरची अनोळखी गाडी येते कुठून?

गेल्या महिन्यात पुण्यात टिळक रस्त्याच्या सिग्नलला माझ्या स्कूटरशेजारी एक प्रीमियर 118 एनई येऊन थांबली. चौकोनी दिवे, पट्टीने आखल्यासारखी सरळ डिकी, मागच्या चाकाच्या वर गंजाचा हाताएवढा डाग. पाटीवर 'एमएच' नाही, तर 'एम'ने सुरू होणारी जुनी तीन अक्षरं. चालवणारे गृहस्थ सत्तरीचे असावेत. "काका, कोणत्या सालची?" विचारलं. "अठ्ठ्याऐंशीची," ते म्हणाले, आणि सिग्नल सुटला.

अशी गाडी दिसली की माझा दिवस चांगला जातो. पण ही गाडी आज नवलाची का वाटते, याचं उत्तर तिच्या बॉनेटखाली सापडत नाही. आपल्याकडे गाडी दुर्मीळ होते ती कारखान्याने मोजक्याच काढल्या म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा दिल्लीत एखादा नियम बदललेला असतो.

स्वातंत्र्याआधीच्या मुंबईत परदेशी गाड्यांचं अप्रूप होतं ते किमतीमुळे. मिळत नव्हत्या म्हणून नव्हे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, पाठोपाठ फोर्ड आली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लायमाउथ बाहेर पडू लागल्या. मग 1953 साली टॅरिफ कमिशनच्या, म्हणजे आयातशुल्काबाबत सल्ला देणाऱ्या सरकारी आयोगाच्या, शिफारशींवरून सरकारने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांनी इथून निघावं. ज्यांना हळूहळू सगळी गाडी इथेच बनवायची आहे, त्यांनी राहावं. अमेरिकी कंपन्या निघून गेल्या. रस्त्यावर मुख्यतः तीन घराणी उरली: कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, बंगालमधल्या उत्तरपाड्याची हिंदुस्तान आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढची तीस वर्षं आपल्या डोळ्यांना याच तीन घराण्यांची सवय झाली. नवी फियाट नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि आली की हार घालून दारात उभी करायची.

त्यातली पन्नाशीच्या दशकातली गोल नाकाची फियाट मुंबई-पुण्यात 'डुक्कर फियाट' म्हणूनच ओळखली जाते. तुम्हाला कधी दिसली, तर पुढचा दरवाजा जरूर बघा. त्याच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात, त्यामुळे तो कपाटासारखा उलटा उघडतो. चालत्या गाडीत कडी सुटली तर वारा तो सपकन मागे फेकणार, हे उघड आहे. 1964 च्या 'डिलाईट'मध्ये बिजागऱ्या पुढे आल्या. हीच डिलाईट सत्तरच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली. गिअरची दांडी मात्र स्टिअरिंगलाच राहिली. त्यामुळे पुढे तिघं बसू शकायची आणि टॅक्सीवाल्यांना ते फार सोयीचं पडायचं.

मग त्या काळात परदेशी गाडी दिसायची ती कुठून यायची? वाटा मोजक्या होत्या. वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या. हिंदी सिनेमातल्या बड्या लोकांच्या दारात उभ्या राहणाऱ्या लांबलचक अमेरिकी इम्पालांपैकी काही तिथूनच आलेल्या. परदेशात राहून कायमचं परतणाऱ्याला ठरावीक अटींवर आपली गाडी आणता यायची. आणि गोवा. पोर्तुगीज अमलात तिथे आयात बरीच मोकळी होती, त्यामुळे 1961 नंतरही कितीतरी वर्षं पणजी-मडगावला डिझेल मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावताना दिसत. मुंबईहून गेलेल्या माणसाला हे पटतच नसे.

महाराष्ट्रात एक गाडी अशीही होती, जी दिसली पण विकत कधीच मिळाली नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी चाळीसच्या दशकाच्या शेवटापासून 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः घडवली, एकामागून एक नमुने काढले, त्यावर रीतसर नंबर घेऊन त्या रस्त्यावर चालवल्या. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी बनवायची, एवढाच ध्यास. उत्पादन मात्र कधी सुरू झालं नाही. माझ्या मते आपल्याकडच्या वाहनांच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी हुकलेली संधी आहे आणि तिच्याबद्दल मराठीत अजून फार कमी लिहिलं गेलं आहे.

14 डिसेंबर 1983 ला पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती पडली. जुन्या कारखान्यांनाही हातपाय हलवावे लागले. हिंदुस्तानने ब्रिटिश व्हॉक्सहॉलच्या जुन्या साच्यातून कॉन्टेसा काढली. स्टँडर्डने ब्रिटिश रोव्हर एसडी1 चं देखणं शरीर आणलं आणि त्यात आपलं जुनं दोन लिटरचं इंजिन बसवलं. ती 'स्टँडर्ड 2000' तीनेक वर्षांतच थांबली. बंगळूरच्या सिपानीची फायबरची डॉल्फिन मारुतीच्या थोडी आधीच आली होती. आणि प्रीमियरने 1985 मध्ये 118 एनई: शरीर फियाट 124 चं, इंजिन निस्सानचं. 'एनई' म्हणजे निस्सान इंजिन. मी या गाडीचा पक्षपाती आहे, हे कबूल करतो. तिच्या काळात मारुतीपेक्षा ऐसपैस आणि पद्मिनीपेक्षा चपळ अशी ती घरची गाडी होती.

नव्वदीत सरकारने दारं उघडली आणि महाराष्ट्रातच इतके कारखाने उभे राहिले की त्यांतल्या कितीतरी गाड्या आज कुणाला आठवतही नाहीत. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1991 मध्ये पुण्यात सिएरा काढली: तीन दरवाजे, आणि मागे छतापर्यंत वळत गेलेली, न उघडणारी मोठी काच. 1995 पासून पुण्यातच मर्सिडीजची ई-क्लास जोडली जाऊ लागली. महिंद्रा आणि फोर्डची एस्कॉर्ट नाशिकहून यायची. प्रीमियरने फ्रेंच भागीदाराबरोबर कल्याणला पूजो 309 बनवली. कामगारांचे तंटे, भागीदारांमधले मतभेद, आणि काही वर्षांतच कारखाना थंडावला. ज्यांनी हौसेने 309 घेतली, त्यांच्यापुढे सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. म्हणून आज रस्त्यावर एखादी 309 दिसलीच, तर तिच्या मागे एक हट्टी मालक आणि एक त्याहून हट्टी मेकॅनिक आहे, असं खुशाल समजावं.

पद्मिनीची गोष्ट वेगळी. ती लाखोंनी होती. उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं आणि मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांवर बांधलेलं. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली 29 ऑक्टोबर 2003 रोजी. म्हणजे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची गेली. माझ्या पिढीत जिच्याकडे कुणी मान वळवून पाहिलं नाही, ती आता दिसली की लोक मोबाईल काढतात.

आजच्या चकचकीत गाड्यांमागेही नियमच आहेत. परदेशी पाटीची सुपरकार मरीन ड्राइव्हवर दिसली की ती बहुधा 'कार्नेट'वर आलेली असते: शुल्क न भरता काही महिने आणायची आणि परत न्यायची. महागडी गाडी आयात करून इथेच ठेवायची, तर तिच्या किमतीइतकं किंवा त्याहूनही जास्त सीमाशुल्क द्यावं लागतं. 2018 मध्ये सरकारने कंपन्यांना वर्षाला 2,500 गाड्या इथल्या सगळ्या चाचण्या पुन्हा न करता आणायची मुभा दिली. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस 245 त्याच वाटेने 2020 मध्ये आली, अवघ्या 200. साध्या ऑक्टाव्हियांच्या गर्दीत ती ओळखणं हा माझा आवडता खेळ आहे.

जुन्या गाड्यांसाठी जुलै 2021 पासून स्वतंत्र नोंदणी आहे. गाडी पन्नास वर्षांची झाली की 20,000 रुपये भरून 'व्हीए' अक्षरं असलेली पाटी मिळते. पण ती पाटी लावलेली गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शनं आणि रॅलीपुरतं हे ठीक आहे. मला खरा आनंद होतो तो भाजीची पिशवी मागच्या सीटवर ठेवून घरी निघालेली जुनी गाडी पाहिल्यावर, आणि तिला या नियमात जागा नाही.

टिळक रस्त्यावरच्या त्या 118 एनईचा हिशेब मी घरी येऊन मांडला. 1988 ची गाडी, पहिली पंधरा वर्षं 2003 ला संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याची फी 2025 पासून 10,000 रुपये झाली आहे. पन्नाशी 2038 मध्ये. तोवर काकांना आरटीओच्या दोन फेऱ्या आहेत, 2028 ची आणि 2033 ची.