भूक आणि नासाडी यांची गाठ उशिरा पडली

‘अन्न वाया घालवू नका, जगात कोट्यवधी लोक उपाशी आहेत.’ हे वाक्य आता इतकं अंगवळणी पडलंय, की त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी जोडल्या आहेत हे लक्षातही येत नाही. ‘वाया घालवू नका’ हा उपदेश लढाईच्या काळात सरकारांनी केला, आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर उपाशी माणूस नव्हता. ‘लोक उपाशी आहेत’ ही हाक दुसऱ्या महायुद्धानंतर घुमू लागली, आणि तिने कितीतरी वर्षं कोणाच्या ताटाकडे बोट दाखवलं नाही.

आधी ताटाचं पाहू. अमेरिका १९१७ साली पहिल्या महायुद्धात उतरली आणि धान्य वाचवण्यासाठी हर्बर्ट हूव्हर यांच्या हाताखाली एक स्वतंत्र खातं उभं राहिलं. रेशनिंगची सक्ती करण्याऐवजी या खात्याने घराघरांतून प्रतिज्ञापत्रं भरून घेतली आणि भिंती पोस्टरांनी भरून टाकल्या. त्यातल्या एका पोस्टरवर सहाच ओळी होत्या : विचार करून विकत घ्या, जपून शिजवा, गहू आणि मांस कमी वापरा, जवळपास पिकलेलं घ्या, पुरेल तेवढंच वाढा, उरलेलं वापरा. आजच्या कुठल्याही जनजागृती मोहिमेत ही यादी जशीच्या तशी चालून जाईल. फरक हेतूचा होता. वाचलेला गहू सैन्यासाठी आणि युरोपातल्या मित्रराष्ट्रांसाठी हवा होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने तर १९४० साली अन्न वाया घालवणं हा गुन्हाच ठरवला.

युद्ध संपलं, रेशनकार्डं गेली आणि हा विषयही मागे पडला. घरोघरी फ्रीज आले, पाकीटबंद माल आला, श्रीमंत देशांत अन्न स्वस्त झालं. सरकारदरबारी उलटीच चिंता सुरू झाली : एवढं पिकलेलं ठेवायचं कुठे? अमेरिकेने १९५४ साली आपलं जादा धान्य परदेशी पाठवण्यासाठी पीएल-४८० हा कायदा केला. पुढे युरोपच्या गोदामांत साठलेल्या लोण्याला लोक ‘लोण्याचे डोंगर’ म्हणू लागले. उरलेलं अन्न हा तेव्हा बाजारभावाचा आणि गोदामांचा प्रश्न होता. त्याचा संबंध कोणी स्वयंपाकघराशी लावत नव्हतं.

भुकेची गोष्ट निराळ्या वाटेने चालली होती. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना १६ ऑक्टोबर १९४५ रोजी कॅनडातल्या क्वेबेक शहरात स्थापन झाली. तिचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर हे मूळचे पोषणतज्ज्ञ. साऱ्या जगासाठी धान्याचा साठा आणि भाव सांभाळणारं एक मंडळ असावं, अशी त्यांची योजना होती. मोठ्या देशांनी ती गुंडाळून ठेवली. १९४९ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, योजना मात्र कागदावरच राहिली. लोकांपर्यंत जायचा खरा प्रयत्न झाला तो १९६० साली. बिनय रंजन सेन तेव्हा महासंचालक होते, आणि बंगालचा १९४३चा दुष्काळ त्यांनी अधिकारी म्हणून जवळून पाहिला होता. ‘भुकेपासून मुक्ती’ या त्यांच्या मोहिमेत सरकारांच्या बरोबरीने धर्मसंस्था, शाळा आणि स्वयंसेवी गट आले. १९६३ साली शंभराहून अधिक देशांनी आणि प्रदेशांनी या विषयावर टपाल तिकिटं काढली. जनजागृतीचं साधन म्हणून टपाल तिकीट आज हसण्यावारी जाईल, पण ते घरोघर पोचत होतं.

मग आल्या घोषणा. नोव्हेंबर १९७४मध्ये रोमला जागतिक अन्न परिषद भरली. दहा वर्षांत एकही मूल उपाशीपोटी झोपणार नाही, असं उद्दिष्ट अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी तिथे मांडलं. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी आणखी एक ठराव केला : विकसनशील देशांत कापणीनंतर होणारं धान्याचं नुकसान १९८५पर्यंत निम्म्यावर आणायचं. म्हणजे नासाडीचा मुद्दा आला, पण तो गरीब देशांतल्या उंदरांचा, बुरशीचा आणि गळक्या कोठारांचा. श्रीमंत देशांतली कचऱ्याची बादली अजून झाकलेलीच होती.

दहा वर्षं सरली आणि टीव्हीवर इथिओपियाचा दुष्काळ आला. १९८४च्या ऑक्टोबरमधली बीबीसीची बातमी, तिच्या पाठोपाठ १३ जुलै १९८५ला लंडन आणि फिलाडेल्फियात मदतनिधीसाठी झालेल्या लाइव्ह एड या मैफली. नायजेरियातल्या यादवी युद्धात उपाशी पडलेल्या बियाफ्रा प्रांतातल्या मुलांचे फोटो १९६८ साली जगभर गेले होतेच, पण एवढ्या लोकांनी एकाच वेळी भुकेकडे पाहिल्याचं उदाहरण त्याआधी सापडणं कठीण. पैसा अमाप जमला. त्या चित्रांनी एक गैरसमजही पक्का केला, असं माझं मत आहे : भूक म्हणजे करपलेली जमीन आणि पोट फुगलेलं मूल. दुष्काळामागचं यादवी युद्ध आणि राजवटीचे निर्णय त्या चौकटीत मावले नाहीत. अमर्त्य सेन यांनी १९८१ सालीच दाखवून दिलं होतं, की बाजारात धान्य असतानाही माणसं भुकेने मरतात, कारण ते मिळवण्याची ऐपत त्यांच्याकडे उरलेली नसते. रोज थोडी थोडी कमी खाणारी बाई कॅमेऱ्यात येत नाही. जगातले बहुसंख्य उपाशी लोक मात्र तसेच आहेत.

त्याच १९८१ साली १६ ऑक्टोबरला पहिला जागतिक अन्न दिन पाळला गेला. पुढची कहाणी आकड्यांची. उपाशी लोकांची संख्या २०१५पर्यंत निम्मी करू, असं १९९६च्या रोम शिखर परिषदेत ठरलं. २०००नंतरच्या, संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांमध्ये ‘संख्या’ जाऊन ‘प्रमाण’ आलं. लोकसंख्या वाढत असताना प्रमाण घटवणं सोपं, हे सांगायला नको. २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी लोक उपाशी होते, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

स्वयंपाकघराची गोष्ट पुन्हा सुरू झाली ती २००७च्या सुमारास, ब्रिटनमध्ये. कचरा कमी करण्यासाठी काम करणाऱ्या रॅप नावाच्या संस्थेने लोकांना नुसतं विचारलं नाही, कारण ‘आमच्याकडे काही वाया जात नाही’ हे उत्तर ठरलेलंच असतं. दोन हजारांहून अधिक घरांच्या कचऱ्याच्या पिशव्या उघडून, निवडून, वजन करून पाहिल्या. साली-देठं निघणार हे माहीत होतं. निघाली अख्खी सफरचंदं, अख्खे बटाटे आणि झाकणही न उघडलेले दह्याचे डबे. हिशेब मांडला तर त्या एका देशात रोज ४४ लाख सफरचंदं तशीच फेकली जात होती. पाकिटावरच्या तारखेचा घोळही पुढे आला : ‘या तारखेपर्यंत उत्तम’ म्हणजे त्यानंतर चव थोडी उतरेल, ‘या तारखेपर्यंतच वापरा’ म्हणजे त्यानंतर खाणं धोक्याचं. लोक दोन्हींचा अर्थ एकच घेत आणि डबा बादलीत टाकत.

दोन्ही गोष्टींची गाठ २०११ साली पडली. अन्न व कृषी संघटनेने स्वीडनमधल्या एका संस्थेकडून अभ्यास करून घेतला : माणसांसाठी पिकवलेल्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे वर्षाला १३० कोटी टन, पोटात जातच नाही. तो मांडला गेला ड्यूसेलडॉर्फच्या पॅकेजिंग उद्योगाच्या मेळ्यात, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘एक तृतीयांश’ हा शब्द वाऱ्यासारखा पसरला. त्यातलं माप वजनाचं होतं हे मागे राहिलं. उष्मांकात मोजलं तर तोच वाटा साधारण एक चतुर्थांश भरतो, कारण वाया जाणाऱ्यात पाणीदार फळं आणि भाज्या फार. आणि एवढ्या अन्नात किती उपाशी पोटं भरतील, हा गुणाकार लगेच सुरू झाला. तो पोस्टरला फार सोयीचा. पण फेकलेलं सफरचंद वाचलं म्हणून ते दूरच्या कोणाच्या हातात पडत नाही. जमीन, पाणी, खत, उत्सर्जन यांचा हिशेब लावला तर नासाडीविरुद्ध तक्रार करायला तेवढंच कारण पुरे आहे.

पुढे मोजमाप सुधारलं. मराठीत उंदराने फोडलेलं पोतं काय आणि ताटात टाकलेला घास काय, दोन्हींना आपण ‘नासाडी’च म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांनी मात्र त्यांची फारकत केली. कापणीनंतर दुकानापर्यंत पोचण्याआधी सुमारे १४ टक्के अन्न जातं, असं २०१९ साली सांगितलं गेलं. दुकानं, हॉटेलं आणि घरं यांचा २०२२चा हिशेब १०५ कोटी टनांचा निघाला, आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. श्रीमंत देश आणि मध्यम उत्पन्नाचे देश यांच्यात घरातल्या नासाडीचा फरक माणशी वर्षाला जेमतेम सात किलो. नासाडी हा श्रीमंतांचा चाळा, हे सोयीचं चित्र इथे पुसलं गेलं.

कायदेही आले. फ्रान्सने २०१६ साली मोठ्या सुपरमार्केटना खाण्याजोगा माल नष्ट करायला बंदी घातली आणि तो देण्यासाठी मदतसंस्थांशी करार करणं बंधनकारक केलं. २०१५च्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये दुकानं आणि ग्राहक यांच्याकडची माणशी नासाडी २०३०पर्यंत निम्म्यावर आणायची असं लिहिलंय. १९७५च्या ठरावातही ‘निम्मं’च होतं, मुदत फक्त १९८५ची होती. नासाडीविषयी जागृतीसाठी २०२०पासून २९ सप्टेंबर हा वेगळा आंतरराष्ट्रीय दिवस पाळला जातो. भुकेचा १६ ऑक्टोबर त्यानंतर सतरा दिवसांनी येतो.