घाटात अडखळणारी ठिणगी

जुलैतल्या एका संध्याकाळी मुंबईहून नाशिकला परतताना आम्ही कसारा घाट चढू लागलो आणि आमची नव्वदच्या दशकातली पेट्रोल एसयूव्ही मिसिंग करू लागली. शहापूरपर्यंत सपाट रस्त्यावर ती एका सुरात पळत होती. चढण लागून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की मात्र चारांपैकी एखादा सिलिंडर मध्येच गप्प होत असल्यासारखे हिसके बसत. इगतपुरीला गाडी उभी केली, तेव्हा इंजिन पुन्हा शांतपणे फिरत होते. अशा वेळी बहुतेकांचा संशय पेट्रोलमधल्या पाण्यावर किंवा कार्ब्युरेटरवर जातो, तसा आमचाही गेला. परंतु इंजिनावर भार पडल्यावर आणि ओल्या हवेतच दोष दिसत असेल, तर आधी सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे स्पार्क प्लग आणि त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या वायरी तपासाव्यात, असे माझे आता ठाम मत आहे.

प्लगच्या दोन टोकांमध्ये साधारण एक मिलिमीटरची फट असते. बाहेरच्या साध्या हवेत एवढी फट ओलांडायला विजेला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात आणि बॅटरीत असतात अवघे १२. ही तफावत इग्निशन कॉइल भरून काढते. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे एकाच लोखंडी गाभ्याभोवती असतात. जाड तारेतला प्रवाह एकदम तोडला, की गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेत प्रचंड व्होल्टेज निर्माण होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले होते. प्रत्येक पेट्रोल गाडी आजही त्याच तत्त्वावर सुरू होते.

कॉइल दर वेळी ठरावीक २०-२५ हजार व्होल्ट देते, अशी समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात व्होल्टेज शून्यापासून चढत जाते आणि वाटेत जिथे पहिली फट फुटेल, म्हणजे वीज ती ओलांडून जाईल, तिथे चढणे थांबते. नव्या प्लगमध्ये ही फट लवकर फुटते, त्यामुळे कॉइलला फार वर जावे लागत नाही. प्लग जुना झाला, की त्याला अधिक व्होल्टेज लागते, आणि ते चढत असताना वाटेतल्या प्रत्येक आवरणाची परीक्षा होते.

प्लग झिजतो म्हणजे काय होते, हे हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. प्रत्येक ठिणगी धातूचा अत्यंत सूक्ष्म कण उडवते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. सरासरी ताशी ५० किलोमीटर वेगाने आणि मिनिटाला २,५०० फेऱ्यांनी चालणाऱ्या गाडीचा एक प्लग २०,००० किलोमीटरमध्ये सुमारे तीन कोटी ठिणग्या टाकतो. एवढ्यात निकेलच्या साध्या प्लगची फट रुंदावते आणि मधल्या टोकाची धारदार कड गोल होते. विद्युत क्षेत्र टोकदार जागी एकवटते, म्हणून नवी कड सहज ठिणगी सोडते आणि झिजलेली अडून बसते.

आता घाटाचे कोडे सुटते. वायूतून वीज फुटण्यासाठी लागणारे व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हे फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडले. सपाट रस्त्यावर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा, अर्धवट मिटलेला असतो, सिलिंडरमध्ये कमी हवा शिरते आणि ठिणगीच्या क्षणी दाबही कमी असतो. चढणीवर थ्रॉटल पूर्ण उघडला, की सिलिंडर गच्च भरतो, दाब वाढतो आणि तीच फट कितीतरी अधिक व्होल्टेज मागू लागते. फट आधीच रुंदावलेली असेल, तर ही मागणी वायरीच्या आवरणाला सोसवत नाही. चिरलेल्या रबरातून वीज शेजारच्या इंजिनाच्या धातूवर उडी मारते, प्लगपर्यंत काहीच पोहोचत नाही आणि त्या सिलिंडरमधले पेट्रोल न जळता बाहेर पडते. पावसाची ओल आणि वायरीवर साचलेली धूळ मिळून विजेला आयती वाट करून देतात.

गॅरेजमध्ये आमचे आधी फक्त प्लग बदलले गेले. नव्या प्लगची मागणी कमी असल्याने गाडी काही आठवडे ठीक चालली, मग त्र्यंबकच्या रस्त्यावर भर पावसात पुन्हा अडखळली, कारण चिरलेली वायर तशीच होती. उलट केले तरी नुकसानच आहे: जुन्या प्लगवर नव्या वायरी लावल्या, तर त्यांच्यावर, प्रत्येक प्लगला पाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर आणि कॉइलवर पहिल्या दिवसापासून ताण येतो. म्हणून जुन्या गाडीत वायर सेट आणि प्लग एकाच वेळी बदलावेत.

दोष पाहण्याची सोपी रीत अशी, की रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे आणि हात न लावता दुरून पाहावे. आमच्या तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीवर, ती ब्रॅकेटला घासत होती नेमक्या त्या जागी, निळसर रेघ थरथरताना दिसली आणि बारीक टकटक ऐकू आली. वायर आतून तुटली आहे का, हे रोध मोजणारा मल्टिमीटर सांगतो. या वायरींचा गाभा बहुधा कार्बनयुक्त धाग्याचा असतो आणि त्यात रोध मुद्दाम ठेवलेला असतो, कारण नुसत्या तांब्यातून ठिणगी सोडली तर रेडिओत खरखर भरते. लांबीच्या मानाने एकाच वायरीचा रोध इतरांपेक्षा फारच जास्त भरला, तर ती गेली असे समजावे.

नाशिककरांच्या रोजच्या वाटेवरच्या मायको सर्कलला ज्या कंपनीचे नाव मिळाले, ती आजची बॉश. उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो, म्हणजे चुंबक फिरवून ठिणगीची वीज तयार करणारे यंत्र, आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग बॉशकडेच गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये सिद्ध केला. नाशिकचा कारखाना मात्र ओळखला जातो तो डिझेल इंजेक्टरसाठी, आणि डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते, तिथे स्पार्क प्लग लागतच नाही.

काम घरी करण्यासारखे आहे, फक्त घाई नको. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण इंजिनाच्या वरच्या भागातून, म्हणजे ॲल्युमिनियमच्या गरम हेडमधून, प्लग काढताना आटे जाण्याची भीती असते. वायर ओढताना टोकाची रबरी टोपी धरून, किंचित फिरवून काढावी. वायरीलाच हिसका दिला तर गाभा आत तुटतो आणि बाहेरून कळत नाही. प्लग सोडवण्यापूर्वी भोवतालच्या खळग्यातली माती हवेच्या झोताने उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. नव्या प्लगची फट गाडीच्या पुस्तकातल्या मापाशी फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापकाने) जुळवून पाहावी. मग प्लग आधी हातानेच, अगदी तळापर्यंत फिरवावा आणि नवा वायसर असेल तर पान्याने आणखी अर्धा ते दोन तृतीयांश फेराच द्यावा. वायरी एकेक करून, जुनी काढली की त्याच जागी तितक्याच लांबीची नवी, अशा बदलाव्यात. चारही एकदम काढल्या, तर ठिणगीचा क्रम चुकतो आणि इंजिन सुरू होत नाही, किंवा फटाफट उलटे फुटते. नवी वायर ब्रॅकेटच्या खोबणीत नीट बसवावी आणि सायलेन्सरच्या तापलेल्या भागापासून लांब ठेवावी.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले, तेव्हा तीन फिकट तपकिरी होते आणि तिसऱ्या सिलिंडरचा काळा, ओलसर, पेट्रोलचा वास येणारा होता. ज्या वायरीवर अंधारात निळी रेघ दिसली होती, तिच्याच टोकाचा तो प्लग होता.